मोरेल अळंबी: जळिताची जमीन की नदीकाठचा गाळ?

वणव्यानंतरच्या पहिल्या वसंतात जळिताच्या जमिनीत मोरेल भरघोस उगवते. दुसऱ्या वर्षी मात्र एकदम ओसरते. राखेने मातीचा सामू (pH) वाढतो, पालापाचोळ्याचा थर जळतो, स्पर्धक बुरश्या हटतात. पण पांढरी राख होईपर्यंत भाजलेल्या जागी वेळ घालवू नका. अर्धवट होरपळलेल्या सूचिपर्णी झाडांखाली, गळालेल्या सुयांच्या थरात पाहा.

गाळाच्या जमिनीत अळंबी थोडी, पण त्याच जागी पुन्हा येण्याची शक्यता जास्त. माती भुसभुशीत, सामू ७ च्या आसपास हवा. पाणी तुंबले की कवकजाल (अळंबीचे जमिनीतले धागे) गुदमरते. मूठभर माती दाबा: गोळा व्हावा, पाणी गळू नये.

दोन्हीकडे मातीचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या आसपास जायला हवे. जुन्या सफरचंदबागांच्या मातीत फवारणीचे शिसे आणि आर्सेनिक उरलेले असू शकते. तिथली अळंबी टाळाच.