परतीचं विमान कधी आहे, हे इक्विटोसमध्ये कुणाला सांगू नका

पेरूच्या भटकंतीचा शेवट अॅमेझॉनच्या जंगलात करायचा बेत असेल, तर इक्विटोसला उतरल्यावर परतीच्या विमानाची तारीख कुणाला सांगू नका. फारच मागे लागले तर आठवडाभर पुढची सांगा. लाखोंच्या वस्तीचं हे शहर, पण देशाच्या दुसऱ्या कुठल्याही शहरातून इथे रस्ता येत नाही. एकच हमरस्ता आहे, तोही शंभरेक किलोमीटरवरच्या नौता गावाशी जाऊन संपतो. एरवी विमान, नाहीतर दिवसचे दिवस हॅमॉकमध्ये पडून केलेला बोटीचा प्रवास. म्हणजे ज्याचं तिकीट शुक्रवारचं आहे तो शुक्रवारी जाणार, आणि सातासमुद्रापलीकडून काही शे डॉलरसाठी भांडायला परत येणार नाही. ठगांचा सगळा हिशोब त्या एका तारखेवर चालतो.

मी आणि माझा धाकटा आतेभाऊ कुस्को, माचू पिचू, तितिकाका असं करत शेवटी इथे पोचलो. महिन्याच्या अखेरीला पाकिटाची असते तशी अवस्था, पाठीवरच्या सॅकला कुबट वास, आणि आता दोन-तीन दिवस कुणीतरी आयतं जेवायला घालावं एवढीच इच्छा. एका लॉजशी ईमेलवर बोलणं झालं होतं, पैसे मात्र तिथे पोचून द्यायचे होते.

विमानतळाबाहेर गळ्यात फोटोवालं ओळखपत्र अडकवलेला, चांगलं इंग्रजी बोलणारा एक गृहस्थ भेटला. गिऱ्हाईक ओढून आणणाऱ्या अशा माणसांना तिथे ‘हालादोर’ म्हणतात. लॉजचं नाव ऐकताच त्याने चेहरा पाडला. ऑगस्टमध्ये नदीचं पाणी उतरतं, त्या लॉजकडे जाणारा फाटा आटलाय, बोट पोचतच नाही म्हणाला. यातला पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. एप्रिल-मेच्या सुमारास तुडुंब असलेली नदी ऑगस्ट-सप्टेंबरात बरीच खाली जाते. खऱ्याच्या कुशीत खोटं बेमालूम लपवलं होतं. वर त्याने स्वतःच्या मोबाइलवरून ‘लॉजला’ फोन लावून दिला आणि पलीकडच्या बाईने मोठ्या दिलगिरीने तेच सांगितलं. नंबर त्याने लावलेला, फोन त्याचा, तेव्हा पलीकडे कोण होतं ते देवालाच माहीत. अशा वेळी ईमेलमधला नंबर आपल्या फोनवरून लावायचा, किंवा विमानतळावरच्या ‘आयपेरू’च्या खिडकीवर जायचं. ही पर्यटकांसाठीची सरकारी मदतसेवा आहे, फुकट आहे, आणि नोंदणी असलेल्या कंपन्या कोणत्या ते तिथे सांगतात.

त्याचं ऑफिस म्हणजे मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात टाकलेलं एक टेबल. जंगलाच्या रिझर्व्हच्या, म्हणजे राखीव क्षेत्राच्या, रजिस्टरसाठी म्हणून पासपोर्ट मागितला. आपण भारतात परतणारे लोक पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड पासपोर्टातच ठेवतो, कारण मुंबईत उतरल्यावर ते दाखवावं लागतं. त्या कार्डाच्या घडीत तिकिटाची प्रिंटही होती. पान उलटता उलटता त्याने ती सावकाश वाचली. तरीही जाण्याची तारीख तोंडाने आणखी दोनदा विचारून घेतली.

“तायडे, जेवण व्हेज की नॉनव्हेज ते विचारायचं सोडून हा फ्लाइटचंच का विचारतोय?” आतेभाऊ मराठीत पुटपुटला.

पाकाया-सामिरिया राखीव क्षेत्रातल्या लॉजमध्ये तीन दिवस, दोन रात्री, जेवण, गाइड, बोट सगळं धरून माणशी अडीचशे डॉलर, असा सौदा ठरला. पाकाया-सामिरिया म्हणजे २० लाख हेक्टरांहून मोठं पाणथळ जंगल, आपल्या अख्ख्या पुणे जिल्ह्यापेक्षा मोठं. तिथला म्हणून हा भाव चढा नव्हता, त्यामुळे शंका यायला जागा नव्हती. कार्डाचं मशीन अर्थातच बंद होतं. डॉलरच्या नोटा त्याने एकेक करून उजेडात धरल्या, कोपऱ्यात केसभर चीर असलेली एक परत केली. पेरूत फाटकी डॉलर नोट कुणीच घेत नाही, त्यामुळे त्यात वावगं वाटलं नाही. हातात कागद आला तो ‘प्रोफॉर्मा’ असं लिहिलेला. पक्की पावती म्हणजे ‘बोलेता’ किंवा ‘फाक्तूरा’, आणि तिच्यावर ‘रुक’ हा ११ आकडी करक्रमांक असतो. तो क्रमांक ‘सुनात’ या कर खात्याच्या वेबसाइटवर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते मिनिटभरात कळतं. आमच्या प्रोफॉर्मावर क्रमांक होता. पुढे तो तपासला तेव्हा एका बांधकाम साहित्याच्या दुकानाचा निघाला.

त्याच्या अल्बममध्ये मातीच्या कड्यावर शेकड्यांनी बसलेल्या लाल-निळ्या मकाव पोपटांचे सुंदर फोटो होते. मकावांचे ते नावाजलेले कडे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, माद्रे दे दिओस भागात आहेत. इक्विटोसच्या दलालाने ते फोटो दाखवले, की अल्बम कुठून तरी उचललेला आहे एवढं ओळखा.

खरं भांडं फुटलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. पाकाया-सामिरियाला इक्विटोसहून निघायचं तर नेहमीची वाट म्हणजे गाडीने नौता, सुमारे दोन तास, आणि तिथून बोट. आम्हाला मोटोटॅक्सीने, म्हणजे तिथल्या रिक्षेने, बेयाविस्ता-नानाय धक्क्यावर नेलं. हा धक्का शहराच्या उत्तर अंगाला, नौता दक्षिणेला. पेके-पेके नावाच्या लांबुळक्या इंजिन-होडीत बसलो आणि मी फोनवर नकाशा उघडला. निळा ठिपका रिझर्व्हकडे पाठ करून निघाला होता. गाइडला विचारलं तर म्हणाला, सगळी अॅमेझॉन एकच आहे. यावर काय बोलणार?

लॉज मोमोन नदीवर निघालं, शहरापासून होडीने तासाभरावर. पत्र्याचं छत, मोबाइलला पूर्ण रेंज, रात्री झाडांच्या वर शहराचा पिवळा उजेड आणि लांबून कुंबियाची गाणी. संध्याकाळी ‘मगरीचा शोध’ होता. गाइडने बॅटरी इकडेतिकडे मारली, मग होडीच्या मागच्या टोकाला जाऊन ओणवा झाला, पाण्यात हात घातल्यासारखं केलं आणि केमनचं वीतभर पिल्लू वर काढलं. पिल्लाच्या जबड्यावर निळा रबरबँड होता. पाण्यातून आलेल्या पिल्लाचं अंग पार कोरडं होतं. गाइडच्या पायांशी झाकणाची बादली ठेवलेली मला आधीच दिसली होती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वस्तीतून एका मुलाने गळ्यातल्या दोरीसकट स्लॉथ, म्हणजे झाडावर राहणारा तो संथ प्राणी, आणून सरळ माझ्या खांद्यावर ठेवलं आणि फोटोचे दहा सोल मागितले. सोल म्हणजे साधारण पंचवीसेक रुपये, प्रश्न पैशाचा नव्हता. त्या दोरीखालचे केस घासून गेले होते. असे फोटो काढू नका, पैसे तर मुळीच देऊ नका. गिऱ्हाईक आहे म्हणूनच ही जनावरं जंगलातून धरून आणतात.

दुपारी गाइडने नवीन बिल काढलं: रिझर्व्हचं प्रवेश तिकीट आणि पेट्रोल, माणशी दोनशे सोल, रोख. नाही दिले तर उद्या लॉजमध्येच बसा. ताडोब्याच्या गेटवर परमिट बघितल्याशिवाय जिप्सी आत सोडत नाहीत, तसंच पाकाया-सामिरियातही ‘सेर्नान्प’ या सरकारी खात्याचं तिकीट लागतं. पैसे आधी देऊन टाकले, वर लॉजच्या शिक्क्याची पावती मागून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच ओढ्यात पुन्हा फिरवून आणल्यावर तिकीट दाखव म्हटलं. तिकीट नव्हतंच.

इथे आतेभावाने एक गोष्ट फार छान केली. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये त्याने लॉजच्या मॅनेजरकडे ‘लिब्रो दे रेक्लामासिओनेस’ मागितलं. पेरूत ग्राहकांशी व्यवहार करणाऱ्या प्रत्येक धंद्याला कायद्याने हे तक्रारपुस्तक ठेवावंच लागतं आणि मागितल्यावर द्यावं लागतं. दिलं नाही तर ‘इंदेकोपी’ ही ग्राहक संरक्षण संस्था दंड करू शकते. मॅनेजर तोवर आमचं इंग्रजी कळत नसल्यासारखा उभा होता. पुस्तकाचं नाव काढताच त्याला अस्खलित इंग्रजी यायला लागलं आणि चारशे सोल अर्ध्या तासात हातावर आले. आधीचे डॉलर आपल्याला मिळालेच नाहीत, दलालाने जेमतेम खोलीचं भाडं पाठवलं, असं त्याने शपथेवर सांगितलं. ते खरंही असेल.

शहरात परतलो तर मोबाइलच्या दुकानातलं ते टेबल गायब. दुकानदार म्हणाला, इथे कुणी टेबल लावतच नाही. आयपेरूच्या शहरातल्या ऑफिसातल्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकलं, रुक क्रमांक तपासून दिला आणि पर्यटक पोलिसांकडे पाठवलं. पोलिसाने तक्रार लिहून घेतली. दलालाचा फोटो आहे का, हा त्याचा पहिला प्रश्न होता. आमच्याकडे केमनच्या पिल्लाचे सहा फोटो होते, त्याचा एकही नव्हता. पैसे देताना माणसाचा आणि त्याच्या ओळखपत्राचा फोटो काढलात आणि त्याने आढेवेढे घेतले, तर तिथूनच उठा. कुणी आढेवेढे न घेता काढू दिला तर पोलिसांना निदान चेहरा तरी देता येईल. लॉजचे पैसे खोलीची किल्ली हातात आल्यावर द्या, किंवा कार्डाने भरा. मशीन बंद असेल तर चालू होईपर्यंत थांबा. इक्विटोसमध्ये एटीएम आहेत, बँका आहेत, आणि ‘आजच भरा, उद्या बोट नाही’ म्हणणाऱ्याची बोट उद्याही असते.

पोलिसांच्या तक्रारीची शिक्क्याची प्रत आम्ही मागून आणली होती, प्रवासविम्याच्या दाव्याला लागेल म्हणून. कंपनीचं उत्तर नंतर ईमेलवर आलं: चोरी आणि सामान हरवणं पॉलिसीत बसतं, स्वखुशीने दिलेली रक्कम बसत नाही.