अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ : खेड्यातील विज्ञान शिक्षकाच्या उपयोगाचे किती?

सहावी ते आठवीचे विज्ञान एकट्याने शिकवून, शिवाय पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती आणि निवडणूक आली की मतदारयाद्या सांभाळणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यातील माझ्यासारख्या शिक्षकाला ‘मुलांना शोधू द्या’ हा सल्ला म्हणजे डोक्यावर आणखी एक ओझे वाटते. ‘अरविंद गुप्ता टॉइज’ या संकेतस्थळामुळे ते ओझे हलके होते का, एवढेच मी येथे पाहिले आहे.

१९७५ साली आयआयटी कानपूरमधून अभियंता झालेल्या आणि २०१८ मध्ये पद्मश्री मिळालेल्या गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासूनची शेकडो खेळणी येथे मोफत दिली आहेत. मराठी पुस्तकेही आहेत.

या खेळण्यांतील आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांचा प्रयोग मी आठवीत घेतला. नळीचे तुकडे करून सांध्यांत काड्या खोचल्या की चौकोन बोटाच्या धक्क्याने तिरपा होतो, त्रिकोण मात्र हलत नाही. ‘सर, तिकोन काऊन पडत नाही?’ हा प्रश्न मुलांकडूनच आला. मग गावाजवळच्या जिनिंगच्या शेडमधील, छपराला आधार देणाऱ्या त्रिकोणी लोखंडी कैच्यांकडे त्यांनी स्वतःच बोट दाखवले. मला फळ्यावर काही लिहावे लागले नाही. चौघांच्या गटाने एकच निरीक्षणपत्रक लिहिल्यामुळे तपासायचे कागद चौथाईवर आले, आणि एकमेकांचे पाहून उतरवलेल्या व्याख्या वाचण्याचा कंटाळाही टळला.

तयारीचे काम मात्र वाचत नाही. खेळणी विषयवार मांडलेली असल्याने आपल्या पाठ्यपुस्तकातील कोणत्या धड्याला कोणते जोडायचे, हे शिक्षकालाच ठरवावे लागते. जुन्या खेळण्यांतील फिल्म रोलची डबी आता सहज मिळत नाही, तेथे औषधाची प्लास्टिकची बाटली चालवून घ्यावी लागते. एका तासाचा धडा दोन तासही खातो. ऑनलाइन माहितीचे काम तर कोणत्याही खेळण्याने कमी होणार नाही.

चित्रफिती बहुतेक एक-दोन मिनिटांच्या असल्या तरी त्या वर्गात आधी दाखवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यांत काय घडणार हे लगेच दिसते आणि मुलांना शोधायला काही उरत नाही. शिक्षकाने त्या घरी पाहाव्यात, वर्गात फक्त साहित्य न्यावे. गावात नेटवर्क डळमळीत असेल, तर तालुक्याला गेल्यावर त्या मोबाइलमध्ये उतरवून आणाव्यात.