"तुमच्याच मॉडेलला बसतो" म्हणून २०,७०० रुपये घालवले, मिनी ट्रॅक्टरवाल्यांनो वाचा

लिहायची लाज वाटतेय पण लिहितो. डाळिंबाच्या बागेत शेणखत लोटायला मिनी ट्रॅक्टरला पुढं ब्लेड लावायचं होतं, ब्लेड होतंच, फक्त ते ट्रॅक्टरला जोडणारे लोखंडी ब्रॅकेट हवे होते. ऑनलाइन जाहिरात दिसली, "थेट बसणार, एकही होल पाडायचं नाही". १४,५०० यूपीआयने भरले. हो, आधीच सगळे भरले, माहितीय.

माल आला तर होलांचं सेंटर टू सेंटर अंतर ४ एमएम कमी आणि डावा ब्रॅकेट चेसिसला टेकतच नाही. फोटो पाठवला आणि इथंच मला कळायला हवं होतं. मी अजून मापं टाइप करतोय तोवर समोरून मेसेज, "अडॅप्टर प्लेट लागेल, ४,२००", सोबत प्लेटचा फोटो. दोन मिनिटांत! म्हणजे माझी अडचण त्याला माझ्या आधी ठाऊक, प्लेट बनवून तयार, आणि मी काय म्हणालो, तर वा, सर्व्हिस चांगली आहे! भरले. प्लेटही बसेना, मग "मेकॅनिक पाठवतो, २,००० ॲडव्हान्स". तेही भरले कारण बहार धरायची वेळ, खताचा ढीग पडलेला, डोकं ठिकाणावर कुठं होतं. मेकॅनिक आलाच नाही, नंबर ब्लॉक.

विकणारा ट्रॅक्टरचं वर्ष आणि चेसिस नंबर विचारत नसेल तर पळा, एकाच मॉडेलचं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, मधेच बदलतं.

चौकीत गेलो तर "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली, दिवाणी मामला आहे". परत गेलो, साहेब बंदोबस्ताला. परत गेलो, सायबरला जा. सायबरवाला विचारतो ओटीपी दिला का, नाही म्हटलं तर "मग आमच्यात बसत नाही". ब्रॅकेट बसत नाही, तक्रारपण बसत नाही! बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. चार चकरा, साधी पोच नाही. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही आणि तक्रार ऑनलाइन होते, हे यातल्या एकानेही सांगितलं नाही, पुतण्याने शोधलं.

आणि विकणारा "बोल्ट आवळला की ओढून बसेल" म्हणाला तर आवळू नका. मी आवळला, बिडातले आटे गेले. फट असेल तर शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) भरा, सगळे बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे लावा मगच पाना, आणि होल चुकलं तर कानस ब्रॅकेटला लावा, ट्रॅक्टरला नाही. टेपवर विसंबू नका, पुठ्ठ्यावर होलं उमटवून घ्या. आमच्या वेल्डरने त्याच पुठ्ठ्यावरून ब्रॅकेटला नवे कान (बोल्टच्या होलांच्या पट्ट्या) जोडून दिले, १,८०० मध्ये, एका दुपारात.

अडॅप्टर प्लेट गोठ्याच्या दाराला अडण म्हणून ठेवलीय, ४,२०० ची.