कॅमेरा दुरुस्त करावा, बदलावा की फोनवरच भागवावं?

कपाटातला जुना कॉम्पॅक्ट कॅमेरा काढला, फोटो धुरकट आले, की पावलं आपोआप मुंबईच्या फोर्टकडे, कॅमेऱ्यांच्या दुकानांच्या बोरा बाजाराकडे वळतात. जाण्याआधी फोटो स्क्रीनवर उघडून डिस्प्ले किंवा इन्फोचं बटण दाबा. शटर (ते किती सेकंद उघडं होतं) आणि आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील होता) यांचे आकडे दिसतील, आणि निम्मा निकाल तिथेच लागेल.

शटर १/१५ आणि सगळंच पुसट, तर हात हललाय. आयएसओ १६०० आणि चेहऱ्यावर रंगीत दाणे, तर उजेड कमी पडलाय. साध्या कॉम्पॅक्टचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, नावाला १/२.३ इंची, प्रत्यक्षात जेमतेम ६ बाय ४.५ मिलिमीटर, करंगळीच्या नखाहून लहान. तो आयएसओ ८०० च्या पुढे रडणारच. गणपतीच्या मंडपात एलईडी माळांमुळे आडवे पट्टे आले तर शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवून बघा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. पावसात फ्लॅश मारल्यावर दिसणारे पांढरे गोळे म्हणजे लेन्ससमोरचे थेंब. (व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांना आत्मे म्हणणारे काका प्रत्येक ग्रुपात असतात.) यातल्या कशावरही दुकानदाराला पैसे द्यायची गरज नाही.

बोरा बाजाराची फेरी कारणी लागते ती दोष आत असेल तेव्हा. ढगाळ आभाळाचे दोन फोटो घ्या, एक झूम न करता, एक पूर्ण झूम करून. दोन्हींत एकाच जागी करडा डाग असेल तर सेन्सरवर धूळ बसली आहे. झूम आतबाहेर होताना ती आत ओढली जाते. मग कॅमेरा चालू करून फोनचा टॉर्च लेन्सवर तिरका मारा. काचेत बारीक फाटे फुटलेले धागे दिसले तर ती बुरशी. मुंबईत पावसाळ्यात हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर जातो आणि आपण कॅमेरा रेक्झिनच्या बंद केसमध्ये कोंबून ठेवतो. बुरशीला आणखी काय हवं? मात्र थोड्या बुरशीने घाबरू नका. ऊन पाठीमागे असेल तर फोटोत फरक कळतही नाही. समोरून उजेड आला की मात्र सगळ्यावर पांढुरकी झाक चढते.

आता दुरुस्ती की नवा? माझं मत स्पष्ट आहे: १/२.३ इंची साध्या कॅमेऱ्यावर दुरुस्तीचा खर्च करू नका. बऱ्याचदा पूर्ण लेन्स युनिटच बदलावं लागतं, जुन्या मॉडेलचं ते दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातून येतं, आणि बुरशीने काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर साफ करूनही डाग राहतो. १ इंची सेन्सरचा, म्हणजे सोनीचा आरएक्स१०० किंवा कॅननचा जी७ एक्स असेल, तर जरूर दुरुस्त करा. त्यांचा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, क्षेत्रफळाने चौपट मोठा, आणि तसा नवा घ्यायचा तर खिसा बराच हलका होतो. घरी स्क्रू खोलायच्या भानगडीत मात्र पडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये, बॅटरी काढल्यावरही, ३०० व्होल्टच्या आसपास दाब उरलेला असू शकतो.

घरातले, रात्रीचे फोटो हवे असतील तर फोनच बरा. तो झटपट अनेक फ्रेम काढून एकत्र करतो, त्यामुळे छोट्या सेन्सरचा कॅमेरा त्याच्यापुढे टिकत नाही. पण शिवडीच्या खाडीतले फ्लेमिंगो टिपायचे असतील तर फोन हात टेकतो. तिथे भर उन्हात ३० पट ऑप्टिकल झूमचा साधा कॉम्पॅक्टही फोनपेक्षा सरस ठरतो.

हल्ली कॉलेजच्या पोरांना जुन्या सीसीडी (जुन्या प्रकारच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यांचं वेड लागलंय, आणि विक्रेते त्याचा भाव वसूल करतात. रंग आवडत असतील तर घ्या, पण मेमरी कार्ड कुठलं लागतं ते आधी विचारा: जुन्या प्रकारचं एक्सडी कार्ड असेल तर ते मिळवायलाच वणवण होईल. दुकानातच टॉर्चची आणि आभाळाची परीक्षा घ्या, झूम चार वेळा आतबाहेर करून कुरकुर ऐका. फोटो कॅमेऱ्याच्या इवल्या स्क्रीनवर नव्हे, कार्ड रीडरने फोनवर टाकून मोठे करून बघा. विक्रेता त्याला नको म्हणाला तर पुढचं दुकान गाठा.