जाळीची ऑफिस खुर्ची: ऑनलाइन तास घेणाऱ्या बाईंना कितपत सोयीची?

नागपुरात फर्निचरच्या दुकानांत सर्रास मिळणारी ही खुर्ची. मे महिन्यात रेक्झिनवर तासभर बसवत नाही, जाळीतून मात्र कूलरची हवा पाठीला लागते. हा तिचा खरा गुण. (कूलर माइकपासून लांब ठेवा, नाहीतर आवाज चढवून घसा बसतो.)

अडचण मापाची आहे. सीट अगदी खाली आणली तरी जमिनीपासून 43-45 सेंमीवर राहते. पाच फूट उंचीच्या बाईंना साधारण 38-40 सेंमी लागते. पाय लोंबकळतात, सीटची कड गुडघ्यामागे रुतते, मुंग्या येतात. मग बाई पुढे सरकून बसतात आणि कमरेचा आधार सुटतो. शिक्षिकांची कंबर दुखण्याचं एक कारण हेही असू शकतं, आणि दोष मात्र वयाला दिला जातो!

पायाखाली 5 सेंमीचा पाट घ्या, कमरेमागे उशी ठेवा. गुडघा आणि सीटच्या कडेत दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. खुर्चीचे हात टेबलाला अडत असतील तर ॲलन किल्लीने (षटकोनी टोकाच्या, L आकाराच्या पान्याने) काढून टाका. लॅपटॉप डोळ्यांच्या उंचीवर, कीबोर्ड वेगळा.

दुकानात चप्पल काढून दहा मिनिटं बसून बघा. सीट आपोआप खाली जात असेल तर सीट वर-खाली करणारा तिच्याखालचा गॅस सिलिंडर खराब झालेला आहे, ती घेऊ नका.