आरोग्यमित्र, विमा कंपनी की आशा-सीएचओ? गावाकडे राहून आरोग्याचं काम करायचं तर

एमएसडब्ल्यू किंवा नर्सिंग झालंय. घर विदर्भात, आर्णी, देवळी नाही तर मूल तालुक्याकडे. पुण्याला जायची इच्छा नाही किंवा परिस्थिती नाही. आणि कुणीतरी सांगितलं, ‘आरोग्य विम्यात जागा निघाल्यात.’ या एका वाक्यामागे तीन निरनिराळी कामं असू शकतात. एक सरकारी योजनेच्या आरोग्यमित्राचं, म्हणजे दवाखान्यात योजनेच्या टेबलावर बसून पेशंटला मदत करणाऱ्याचं, दुसरं खासगी विमा कंपनीच्या गावपातळीवरच्या माणसाचं. तिसरं आशा किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचं (सीएचओ). त्याचा विम्याशी थेट संबंध नाही, पण पेशंट तोच.

पगार तर विचारायचाच. पण माझ्या मते त्याआधी एक गोष्ट स्वतःला विचारावी : माणूस माझ्यापर्यंत कधी पोहोचणार? आजार होण्याआधी, झाल्यावर, की बिल हातात पडल्यावर? दिवसभराचं काम कसं असेल, रात्री झोप लागेल की नाही आणि गावात लोक तुम्हाला कशी हाक मारतील, हे सगळं त्यावरून ठरतं.

आरोग्यमित्र

मोफत उपचारांची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातल्या ८ जिल्ह्यांत सुरू झाली. विदर्भातले गडचिरोली आणि अमरावती त्यात होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि २०२० पासून केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडून चालू आहे. जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि पांढरं रेशनकार्डही चालतं. आधी तसं नव्हतं. पांढऱ्या कार्डाचा शेतकरी राज्यातल्या १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतला असेल तरच सातबारा दाखवून योजनेत बसायचा. विदर्भातले अमरावती विभागाचे पाच जिल्हे आणि वर्धा एवढेच त्यात. भंडाऱ्याच्या पांढऱ्या कार्डवाल्याला परत जावं लागायचं. आज टेबलावर बसणाऱ्याचं निदान तेवढं पाप टळलं आहे.

आता मालक कोण ते पाहा. योजना राज्य आरोग्य हमी सोसायटीची, जोखीम विमा कंपनीची, तुमचं नियुक्तिपत्र टीपीएचं (विमा कंपनीसाठी क्लेमचं काम बघणाऱ्या मधल्या कंपनीचं) आणि बसायची खुर्ची दवाखान्यात. कंत्राट बदललं की पत्रावरचं नाव बदलतं, खुर्ची तीच राहते. पगार कमी आहे हे आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. किमान वेतनासाठी आरोग्यमित्रांनी आंदोलनं केली आहेत, ती उगीच नाहीत.

काम मात्र कागदावर दिसतं त्याहून मोठं आहे. कागदावर ते असं : रेशनकार्ड आणि ओळखपत्र तपासायचं, पेशंटची नोंद करायची, दवाखान्याच्या मेडकोने (योजनेचं काम बघणाऱ्या डॉक्टरने) प्री-ऑथ, म्हणजे उपचाराआधीच्या मंजुरीची मागणी टाकली की ती कुठे अडली ते बघायचं, क्वेरी आली तर तिचा पाठपुरावा करायचा, सुट्टी होताना पेशंटकडून एक पैसाही घेतला गेला नाही ना हे विचारायचं.

प्रत्यक्षात टेबलासमोर उभा असतो घाटंजीकडचा पन्नाशीचा माणूस. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाऊन खाऊन गालात जखम झालेली, तोंडात दोन बोटंही जात नाहीत. सोबत पोरगा. आधारवर नाव पुंडलिक, रेशनकार्डावर पुंजाराम, आणि कार्ड अजून मोठ्या भावाच्या नावावर, कारण वाटणी तोंडी झाली. पोरगा विचारतो, ‘मॅडम, कार्डात नाव नाई तं ऑपरेशन होत नाई का जी?’ अशा वेळी योजनेची पुस्तिका फारशी कामाची नसते. तहसीलच्या पुरवठा विभागात कोण बसतं, नाव चढवायला काय लागतं, दुरुस्ती होईपर्यंत तपासण्या पुढे नेता येतील का, हे ज्याला ठाऊक तो चांगला आरोग्यमित्र. तातडीच्या केसमध्ये आधी फोनवर मंजुरी घेऊन कागद नंतर देण्याची सोय आहे. ती रात्री दोन वाजता वापरायची हिंमत लागते, कारण दवाखान्याचा बिलिंगवाला तेव्हा ‘आधी डिपॉझिट भरा’ म्हणत असतो.

या कामातली खरी कसोटी इथेच आहे. योजना कॅशलेस आहे आणि तरी ‘ही तपासणी पॅकेजमध्ये बसत नाही’ म्हणून पावती न देता पैसे मागितले जातात, अशा तक्रारी कानावर येतातच. तुम्ही दवाखान्याच्याच छताखाली, त्यांच्याच पंख्याखाली बसलेले. तक्रार वर पाठवली तर उद्यापासून चहा बंद. नाही पाठवली तर पेशंटच्या गावात तुमचं नाव खराब. ज्यांना ‘नाही’ म्हणताना आवाज चढवावा लागत नाही, त्यांनीच या खुर्चीत बसावं. भिडस्त माणसाचा इथे वर्षभरात कागदी बाहुला होतो.

आणखी एक मर्यादा. यादीतल्या उपचारांनाच पैसे मिळतात. महात्मा फुले नाव लागलं तेव्हा यादीत ९७१ उपचार होते, पुढे ती वाढत गेली; पण साधा ताप, सलाईन, रोजची बीपीची गोळी तिच्यात नाही. शिवाय सुट्टीनंतर दहा दिवसांची औषधं दिली की बहुतेक केसमध्ये योजना हात झटकते. अकराव्या दिवशी त्या माणसाचं गावात काय चाललंय, हे आरोग्यमित्राच्या स्क्रीनवर येत नाही. त्याची वाट तुमच्या टेबलापासून सुरू होते आणि तिथेच संपते.

खासगी विमा कंपनी

जाहिरातीत ‘हेल्थ मॅनेजर’, ‘केअर को-ऑर्डिनेटर’ असली नावं असतात. पेशंटची चौकशी करणं, त्याला दवाखाना सुचवणं, डिस्चार्जनंतर फोन करणं, हे काम खासगी कंपन्यांत असतं, पण त्याची माणसं शहरात फोनवर बसलेली असतात. तालुक्याच्या गावात मिळतं ते बहुधा एजन्सीचं काम. मुलाखतीत सरळ विचारा, ‘महिन्याचं टार्गेट किती?’ उत्तरात पॉलिसींचा आकडा आला की समजायचं, हे विक्रीचं काम आहे. विक्री वाईट नाही, पण ती सेवा समजून घेऊ नका.

एजंट व्हायला दहावी पास आणि विमा नियामकाने ठरवलेली परीक्षा पास, एवढं पुरतं. याच नियामकाने ‘बीमा वाहक’ नावाची कल्पना आणली आहे. ग्रामपंचायत पातळीवर, शक्यतो महिलेनेच विमा पोहोचवायचा, असा तिचा रोख. बचत गटात वर्षं घालवलेल्या बाईला यात वाव आहे, हे मान्य.

विकायला माल आधीपेक्षा बरा आहे, हेही खरं. २०२४ च्या नियमांनी जुन्या आजारांसाठी थांबण्याचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. पाच वर्षं पॉलिसी सलग चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय ‘आधीचा आजार लपवला’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही. कॅशलेसची विनंती आली की एका तासात निर्णय आणि सुट्टीच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची, असंही बंधन आहे. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. हे चार मुद्दे तोंडपाठ असलेला एजंट तालुक्यात सापडणं कठीण. तुम्ही तो झालात तर धंदा चालेल.

पण अडचण आहे हप्त्याच्या तारखेची, आणि ती कंपनीच्या प्रशिक्षणात कुणी सांगत नाही. आपल्याकडे हातात पैसा येतो सोयाबीन निघाल्यावर आणि कापूस विकल्यावर, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे आणि पुढे दोन-तीन महिने. पॉलिसी जूनमध्ये काढली असेल तर नूतनीकरणही जूनमध्येच, म्हणजे बियाणं, खत आणि शाळेची फी एकदम उभी असताना. हप्ता मागे पडतो. वर्षाचा हप्ता एकदम भरण्याच्या पॉलिसीत वाढीव ३० दिवस मिळतात खरे, पण त्या दिवसांत संरक्षण नसतं. फवारणीचे दिवस आणि डेंग्यूचे पेशंट नेमके त्याच पावसाळ्यात, आणि तोवर पॉलिसी गेलेली. मग तुमच्या ओट्यावर येऊन माणूस म्हणतो, ‘पैसे तं तुमीच नेले होते.’ त्याला कंपनी दिसत नाही, तुम्ही दिसता. हे काम घेणारच असाल तर पहिल्या दिवसापासून एक नियम पाळा : शेतकऱ्याची पॉलिसी नोव्हेंबर-डिसेंबरात सुरू करा. कमिशन पाच-सहा महिने उशिरा येईल, पण पॉलिसी टिकेल.

ही गोष्ट वर्धा जिल्ह्यात चाळीसेक वर्षांपूर्वीच कुणाला तरी कळली होती. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने गावोगाव आरोग्य विमा सुरू केला, तेव्हा हप्ता घेतला ज्वारीत आणि तोही सुगीत. ज्याची जमीन जास्त, त्याची ज्वारी जास्त. गावातली बरीच घरं आली तरच गाव योजनेत. त्या बदल्यात गावातच आरोग्यसेवक, औषधं, आणि दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर सवलत. विमा आणि गावातली सेवा एकाच धाग्यात होती. माणूस आजारी पडण्याआधीच योजनेच्या ओळखीचा असायचा. आजच्या कुठल्याही कंपनीच्या ‘को-ऑर्डिनेटर’ने आधी सेवाग्रामला दोन दिवस काढावेत असं मला प्रामाणिकपणे वाटतं. असं काम करणाऱ्या संस्थेत जागा निघाली तर पगार थोडा कमी असला तरी घ्या. जागा क्वचितच निघतात, हीच पंचाईत.

आशा, गटप्रवर्तक, सीएचओ

आशा होण्याचा पर्याय सगळ्यांना खुला नाही. तिने गावचीच असायला हवं, शक्यतो लग्न झालेली, विधवा किंवा परित्यक्ता, वय २५ ते ४५. अविवाहित मुलीने इथे वेळ घालवू नये. सुमारे हजार लोकसंख्येमागे एक आशा, आणि पैसे बरेचसे कामागणिक. ग्रामीण भागात गरोदर बाईची नोंद, तपासण्या आणि दवाखान्यातलं बाळंतपण मिळून ६०० रुपये. नवजात बाळाच्या घरभेटींचे २५० रुपये. त्या घरभेटींची कल्पना गडचिरोलीची, हे अभिमानाने सांगण्यासारखं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायांना बाळ तपासायला, वजन करायला, जंतुसंसर्ग ओळखायला शिकवलं, आणि तोच धडा आज देशभरातल्या आशा गिरवतात. २०२३ च्या संपानंतर राज्याने २०२४ मध्ये आशांचा मोबदला दरमहा ५,००० रुपयांनी वाढवला. गटप्रवर्तक म्हणजे आशांच्या कामावर देखरेख ठेवणारी बाई; पदवीधर असून आशांच्या मागे दिवसभर गाडी फिरवणारी तीच. पेट्रोलचा हिशोब करूनच त्या पदाकडे वळा.

समुदाय आरोग्य अधिकाऱ्याबद्दल थोडक्यात. बीएएमएस किंवा बी.एस्सी. नर्सिंग असेल तर फार विचार करू नका. महिन्याला २५,००० आणि कामगिरीनुसार १५,००० पर्यंत, कंत्राटी असलं तरी या सगळ्यांत सर्वांत बरा आकडा. ज्या पुंडलिकाला आरोग्यमित्र मंजुरी मिळवून देतो, तो सीएचओकडे दोन-तीन वर्षं आधी येऊ शकतो. तिशीच्या पुढच्यांची बीपी-शुगर तपासताना तोंड उघडायला लावलं, तीन बोटं एकावर एक ठेवून आत जातात का पाहिलं, पांढरा चट्टा दिसला की लगेच पुढे पाठवलं, तर पुढचं ऑपरेशन टळू शकतं. चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात सिकलसेलचंही (रक्ताचा आनुवंशिक आजार) तसंच. लग्नाआधी रक्त तपासलं गेलं तर पुढची पिढी वाचते. या टळलेल्या गोष्टींचा क्लेम कुणीच टाकत नाही, म्हणून पोर्टलवर त्या दिसत नाहीत. उपकेंद्राच्या गावात मुक्काम, नेटवर्कचा पत्ता नाही आणि पाच-सहा पोर्टलवर एकच माहिती भरायची, ही त्याची किंमत.

मग कुणी काय घ्यावं

बी.एस्सी. नर्सिंग किंवा बीएएमएस असेल तर सीएचओ. एमएसडब्ल्यू, कागदपत्रांचा कंटाळा नाही आणि वर्धा, सावंगी, यवतमाळ, नागपूर अशा ठिकाणी रोज जाऊन-येऊन करता येतं, तर आरोग्यमित्र. दोन-तीन वर्षांत योजना, पॅकेज, क्लेम सगळं आतून कळतं, आणि तेच पुढे टीपीए, दवाखान्याचा विमा विभाग किंवा सोसायटीच्या जिल्हा कार्यालयात उपयोगी पडतं. घरी शेती किंवा दुकान आहे, गावात शब्दाला मान आहे आणि उत्पन्न वरखाली झालं तरी चूल बंद पडत नाही, तर एजन्सी. पण जोडधंदा म्हणून. पहिलीच नोकरी म्हणून ती घेऊ नका. पहिली वीस पॉलिसी नातेवाइकांना विकल्या जातात, आणि त्यातला एक क्लेम नाकारला गेला की लग्नाच्या पंगतीत बसायची चोरी होते.

आरोग्यमित्राच्या नियुक्तिपत्रावर सही करण्याआधी ही चौकशी लेखी मागा : पीएफ कुणाच्या नावाने कापला जाणार, रात्रपाळी आणि रविवारचे पैसे वेगळे की त्यातच, टीपीए बदलला तर जुनी सेवा धरणार का, आणि दवाखान्याविरुद्ध तक्रार पाठवल्यास बदली कोण करू शकतं. शेवटच्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर ती जागा घ्यायची की नाही, हे घरी विचारून ठरवा.