मालिकांच्या पीआरमध्ये यायचंय? आधी एजन्सी की थेट चॅनल

भाचीच्या हातात सध्या दोन ऑफर आहेत. एक मराठी चॅनलच्या पीआर, म्हणजे प्रसिद्धीच्या टीममध्ये, दुसरी अंधेरीतल्या पीआर एजन्सीत, पगार थोडा कमी. घरच्यांचं मत अर्थातच चॅनल. माझं नाही, निदान पहिली दोन वर्षं तरी नाही. दोन्हीकडे राबलोय म्हणून बोलतोय.

एजन्सीत एका वेळी चार-पाच क्लायंट. एक मालिका, एक नाटक, एखादा सिनेमा, मध्येच दागिन्यांचं दुकान. सकाळी कात्रणं आणि लिंका गोळा करून रिपोर्ट पाठवायचा, मग दिवसभर फोन. ‘प्रेस नोट मिळाली का?’ हे चाळीस वेळा विचारायची लाज वाटत असेल तर इकडे फिरकू नका. पण कोणत्या पुरवणीचं पान छपाईसाठी कधी लागतं, चारनंतर फोन केलेला कुणाला खपत नाही, कुणाला उभाच फोटो लागतो, हे असंच कळत जातं. चॅनलमध्ये समोरूनच फोन येतात, त्यामुळे हे शिकायची वेळच येत नाही.

शिवाय मराठी घासून निघतं. कच्ची नोट बऱ्याचदा हिंदी-इंग्रजीच्या वळणाने येते: ‘मी माझ्या भूमिकेला घेऊन खूप उत्सुक आहे.’ असं कोण बोलतं हो? अभिनेत्रीला फोन लावायचा, नऊवारी सावरत जिना उतरताना काय फजिती झाली ते विचारायचं. ते एक वाक्य नोटमध्ये असलं की कात्री लावताना उपसंपादकाचाही हात आखडतो. आणि हो, एकदा माझ्या नोटमध्ये साडेसातच्या मालिकेची वेळ साडेआठ पडली आणि जिल्हा आवृत्त्यांत तशीच छापून आली. तेव्हापासून वार, वेळ आणि नावं मोठ्याने वाचल्याशिवाय मी नोट सोडत नाही.

चॅनलमध्ये सगळं उलटं. तिथे बातमी द्यायची कमी, दाबून ठेवायची जास्त. नायिका बदलतेय, मालिका गुंडाळतायत, हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं आणि ओळखीचा पत्रकार नेमकं तेच विचारतो. खोटं बोललात तर पुढच्या वेळी तो फोन उचलणार नाही. खरं सांगितलंत तर प्रोमोआधीच बातमी बाहेर. ही कसरत नवख्याला झेपत नाही. गुरुवारी बार्कचे, म्हणजे टीआरपी मोजणाऱ्या संस्थेचे आकडे येतात. चांगले असले की ‘नंबर वन’चं पोस्टर, घसरले की लग्नाचा महाएपिसोड आणि त्यासाठी सेट व्हिजिट: घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून पत्रकारांची गाडी आणायची, कलाकार सीनमधून सुटेपर्यंत त्यांना चहा-वडापाववर धरून ठेवायचं. पगार मात्र वेळेवर, आणि एकेका मालिकेत खोल शिरता येतं.

पण चॅनलं आहेत किती? मालिकांचा विचार केला तर १९९९ मध्ये अल्फा म्हणून सुरू झालेली झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स, सोनी आणि २०२१ मध्ये आलेली सन मराठी, ही पाच नावं चटकन तोंडावर येतात. त्यातही २०२४ च्या नोव्हेंबरात कंपन्या एकत्र होऊन जिओस्टार झाल्यापासून प्रवाह आणि कलर्स एकाच घरात. म्हणजे बिनसलं तर ठोठावायला दारं थोडीच. एजन्सीतून निघालेल्याला निदान नाटक-सिनेमावाले ओळखत असतात.

कलाकारांचा पीआर स्वतंत्रपणे करायचं म्हणाल तर आत्ता नकोच. मालिकेतल्या कलाकाराचाच चेक नव्वद दिवसांनी येतो, तुमचा त्याच्याही नंतर.

भाचीला एवढंच सांगितलंय: अंधेरीत जाऊन विचार, नोट कोण लिहितं आणि पत्रकारांना फोन कोण करतं. पहिलं वर्षभर नुसत्या एक्सेल शीट भरायच्या असतील, तर बिनधास्त चॅनल घे.